पंपाची वायर सोलताना : योग्य स्ट्रिपरची निवड आणि वापर

मोटार जळाली की आपण दोष कमी व्होल्टेजला किंवा कोरड्या पडलेल्या बोअरला देतो. अनेकदा तो खरा असतो. पण काही वेळा बिघाडाची सुरुवात स्टार्टरच्या पेटीत किंवा केबलच्या जॉइंटमध्ये, ब्लेडने वा दाताने सोललेल्या वायरपाशी झालेली असते.

नेमके काय बिघडते?

२.५ चौ. मि.मी.च्या लवचिक केबलमध्ये प्रत्येक कोअरमध्ये साधारण ०.३ मि.मी. जाडीच्या ३६ तारा असतात. सोलताना ब्लेडने सहा तारा तुटल्या, तर त्या जागी वायर २.१ चौ. मि.मी.चीच उरते. तिथे वायर जास्त तापते, आवरण मऊ पडते आणि जोड ढिला होतो. शेवटी एक फेज तुटला की मोटार दोनच फेजवर चालू राहते आणि वाइंडिंग जळते.

स्ट्रिपरचे प्रकार

१) स्क्रूचा साधा स्ट्रिपर : स्वस्त असतो. वायरच्या जाडीप्रमाणे दर वेळी स्क्रू लावून घ्यावा लागतो. तो चुकला की तारा कापल्या जातात.

२) खाचांचा स्ट्रिपर : प्रत्येक जाडीसाठी वेगळी खाच असते. शेतीपंपाच्या कामासाठी १ ते ६ चौ. मि.मी.पर्यंत खाचा असलेला घ्यावा. बहुतेकांसाठी हाच सोयीचा.

३) ऑटोमॅटिक स्ट्रिपर : एका दाबात वायर धरतो आणि सोलतो. रोज काम करणाऱ्या वायरमनला उपयोगी. जुन्या, कडक झालेल्या आवरणावर मात्र घसरू शकतो.

खरेदी करताना खाचेवरील आकडे तपासावेत. काही स्ट्रिपरवर चौ. मि.मी.ऐवजी 'एडब्ल्यूजी' माप असते. त्यात आकडा जितका मोठा, तितकी वायर बारीक. १४ म्हणजे सुमारे २.१, १२ म्हणजे ३.३ आणि १० म्हणजे ५.३ चौ. मि.मी. त्यामुळे २.५ च्या वायरसाठी १२ ची खाच वापरावी. मूठ प्लॅस्टिकची आहे म्हणून शॉक लागणार नाही, असे समजू नये. साध्या स्ट्रिपरची मूठ केवळ पकडीसाठी असते.

आधी वीज बंद

शेतातील अपघाताचे मोठे कारण म्हणजे "आत्ता लाइट नाही" या भरवशावर केलेले काम. कृषी वाहिनीवरील थ्री-फेज पुरवठा ठरावीक तासच असतो आणि गेलेली लाइट कधीही येऊ शकते. स्टार्टरला ऑटो स्विच असेल तर मोटारही आपोआप सुरू होते. म्हणून :

- ऑटो बंद करावा, मेन स्विच पाडावा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत.
- टेस्टर आधी चालू लाइनवर तपासून घ्यावा, मग तिन्ही फेज तपासावेत.
- सिंगल-फेज पेटीतील कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार शिल्लक असतो. त्याला हात लावू नये.
- सौर पंपाच्या पॅनेलमध्ये ऊन असेपर्यंत वीज असते. त्या वायरी स्वतः सोलू नयेत.

नवी जोडणी, स्टार्टरमधील बदल आणि पाण्यात जाणारा जॉइंट परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावा. तो कसे सोलतो, हे मात्र आपल्याला कळायला हवे.

सोलण्याची पद्धत

१) चपट्या केबलचे बाहेरचे आवरण या स्ट्रिपरने निघत नाही. त्यावर चाकूने वरवर छेद द्यावा, आरपार कापू नये. केबल वाकवली की आवरण छेदावर फाटते.

२) आतील वायर योग्य खाचेत सरळ धरावी, मूठ दाबावी आणि टोकाकडे ओढावे. नवा स्ट्रिपर असेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर सराव करावा.

३) लगमध्ये जाईल तेवढीच वायर सोलावी. लगबाहेर उघडे तांबे दिसता कामा नये.

४) तारा मोजून नव्हे, निदान निरखून पाहाव्यात. एखादी तुटली किंवा चिरली असेल तर टोक कापून पुन्हा सोलावे. यासाठी पेटीत थोडी जास्त केबल सोडलेली असावी.

५) तांबे काळे पडले असेल तर चकाकेपर्यंत घासून घ्यावे किंवा मागे कापावे. तारांना मूळ पीळ देऊन मगच लग दाबावा.

६) तीन कोअरचे जॉइंट एकाच रेषेत न ठेवता मागे-पुढे घ्यावेत, म्हणजे ते एकमेकांना टेकत नाहीत.

मोटार पुन्हा सुरू करून काही वेळ चालवावी. मग वीज पूर्ण बंद करून लग घट्ट आहेत का, आवरण मऊ किंवा तपकिरी झाले आहे का, हे पाहावे. तसे दिसल्यास त्याच दिवशी जोड नव्याने करून घ्यावा. मोटार बोअरमधून वर काढून रिवाइंडिंग करण्यापेक्षा हा खर्च फार कमी आहे आणि पाण्याची पाळीही चुकत नाही.