आधी मतदार, मग नागरिक

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कल्याणजवळच्या निर्वासित छावणीत कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. दोनच दिवसांनी, १० ऑगस्टला, दिल्लीत घटना समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागरिकत्वाची कलमे चर्चेला घेतली. म्हणजे शहराला नाव मिळाले त्या दिवशी तिथला एकही माणूस कायद्याने भारताचा नागरिक नव्हता. ठाण्यात आणि डोंबिवलीत पिढ्यानपिढ्या राहिलेली माणसेही नव्हती. देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला, पण नागरिक कोणाला म्हणायचे हे सांगणारी घटनेची कलमे लागू झाली २६ नोव्हेंबर १९४९ला. या मधल्या सव्वादोन वर्षांत नव्या राज्याने सिंधमधून आलेल्या लोकांना कसे वागवले, हे पाहण्यासारखे आहे. नवे राज्य बाहेरून आलेल्याला आपले मानते तेव्हा, 'तू आमचा आहेस हे सिद्ध कर' या ओझ्यातले किती ते स्वतःच्या खांद्यावर घेते आणि किती त्या माणसावर टाकते, यावरच त्या राज्याची नियत कळते.

यावर कोणी म्हणेल की सिंधी निर्वासित परके नव्हतेच, मग त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न आला कुठून? भावनेच्या दृष्टीने हे बरोबर आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने तर अधिकच. १ एप्रिल १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे कराची आणि कल्याण ही एकाच प्रांतातली गावे होती. पण फाळणीने सिंध दुसऱ्या राज्यात गेला आणि तिथून आलेल्या माणसाचा जन्म, घर, जमिनीचे दस्तऐवज सारे सीमेपलीकडे राहिले. जानेवारी १९४८मधल्या कराचीच्या दंगलीनंतर लोंढा वाढला. बोटींनी मुंबईच्या बंदरात उतरलेल्या हजारो कुटुंबांना दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या आणि पुढे ओस पडलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत आणून ठेवले गेले. तिथे सुमारे एक लाख माणसे आली. आजही उल्हासनगरचा पत्ता कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगितला जातो. या लोकांकडून जन्माचे दाखले मागितले असते, तर त्यातल्या कितीजणांना ते दाखवता आले असते?

घटनेच्या सहाव्या कलमाने ही अडचण ओळखून वाट काढली. स्वतः, आईवडिलांपैकी कोणी किंवा आजीआजोबांपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मलेले असावे, ही एक अट. दुसरी अट तारखेची. १९ जुलै १९४८च्या आधी आलेला आणि तेव्हापासून इथेच राहिलेला माणूस आपोआप नागरिक ठरला. त्याला अर्ज करायचा नव्हता, की कुठल्या कचेरीचा उंबरठा झिजवायचा नव्हता. ही तारीख निवडली, कारण त्या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून येण्यासाठी परवाना लागू झाला. त्यानंतर आलेल्याला मात्र नेमलेल्या अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागली. अर्जाआधी सहा महिने इथे वास्तव्य हवे आणि अर्ज घटना अमलात येण्यापूर्वी, म्हणजे २६ जानेवारी १९५०पूर्वी झालेला हवा. लोंढ्याचा मोठा भाग पहिल्या तारखेआधीचा असल्याने कॅम्पातल्या बहुसंख्य कुटुंबांच्या हातात काहीही कागद न येता ती भारताची नागरिक झाली.

मतदारयाद्यांचे काम तर याहून पुढे गेले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी कच्च्या याद्या करण्याचे काम १९४८मध्येच सुरू झाले होते. मतदाराचे त्या गावात ठरावीक दिवसांचे वास्तव्य असावे, असा नियम होता आणि निर्वासित त्यात बसणे शक्यच नव्हते. तेव्हा घटना समितीच्या सचिवालयाने प्रांतांना कळवले की या गावी कायमचे राहण्याचा इरादा आहे, एवढे निर्वासिताने जाहीर केले तरी त्याचे नाव यादीत घ्यावे. नागरिकत्वाचे कलम अजून मसुद्यातच होते, आणि राज्य मात्र माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याला भावी मतदार मानत होते.

हे औदार्य सर्वांनाच पटले नव्हते. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी घटना समितीत या कलमांवर कडक टीका केली. विमान मुंबईत काही तास थांबले आणि एखादी परदेशी स्त्री इथे बाळंत झाली, तर ते मूल भारताचे नागरिक होणार का, असा त्यांचा सवाल होता. नागरिकत्व इतके स्वस्त करू नये आणि अन्य कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या हिंदू किंवा शीख माणसाला तो कुठेही राहत असला तरी ते मिळावे, अशी त्यांची मागणी होती. पहिल्या शंकेचे उत्तर कलमातच होते: नुसता जन्म पुरेसा नव्हता, भारतात अधिवासही लागत होता. दुसरी मागणी समितीने स्वीकारली नाही. कसोटी राहिली ती जन्माची, पूर्वजांच्या जन्माची आणि वास्तव्याची. सिंधी हिंदूंना जे मिळाले ते त्यांना धर्माचे नाव न घेता मिळाले, म्हणून ते कोणाची मेहेरबानी न राहता हक्क बनले.

पण हेच राज्य दुसऱ्या दारात कठोर होते, हेही सांगितले पाहिजे. १ मार्च १९४७नंतर पाकिस्तानात गेलेला माणूस सातव्या कलमाने नागरिक राहिला नाही. कायमच्या पुनर्वसनाचा परवाना घेऊन परतलेल्यालाच सूट होती. भारतात नवरा असलेली एक बिहारी स्त्री १९४८च्या जुलैमध्ये कराचीला गेली आणि तात्पुरत्या परवान्यावर परतली. तिने नागरिकत्व गमावले, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली दिला. एकाचा नुसता जाहीर केलेला इरादा पुरला, दुसरीचा परवाना चुकीच्या प्रकारचा निघाला.

पुढे पोर्तुगीज राजवटीतून सुटलेल्या गोव्यात भारताने आणखी सोपी रीत वापरली. २८ मार्च १९६२च्या आदेशाने, २० डिसेंबर १९६१पूर्वी स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबा तिथे जन्मलेले असतील तर गोवेकर त्या तारखेपासून भारतीय नागरिक झाला. नको असेल त्याने महिन्याभरात तसे लिहून द्यायचे होते. फादर मोंतेरो यांनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले. पुढे वास्तव्याच्या परवान्याची मुदत संपूनही ते गोव्यात राहिले म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षा कायम ठेवली. नकार देणारा परका ठरला; गप्प बसणारा आपला राहिला.

सीमा असलेल्या राज्याला तारीख आखावीच लागते, नाहीतर ओळखीचाच गोंधळ होईल, हा आक्षेप रास्त आहे. पण तारखेमागे कारण हवे आणि तारखेनंतर आलेल्यासाठी वाट हवी. १९५५च्या नागरिकत्व कायद्यात भारतीय वंशाच्या माणसाला नोंदणीसाठी सहा महिन्यांचे वास्तव्य पुरे होते. १९८६मध्ये ती मुदत पाच वर्षे झाली, २००३च्या दुरुस्तीने सात. २०१९च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या काहींसाठी वाट सोपी केली, पण त्यात १९४९ साली टाळलेली धर्माची कसोटी आली. देश स्थिरावला तसे सिद्धतेचे ओझे माणसाकडे सरकत गेले. उपाशी, गोंधळलेल्या आणि तिजोरी रिकामी असलेल्या राज्याला एक लाख माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवणे परवडले आणि त्यातून ठाणे जिल्ह्यात एक अख्खे शहर उभे राहिले. आजच्या समर्थ राज्याला तेवढा विश्वास परवडत नाही असे म्हणायचे असेल, तर तसे सिद्ध करण्याची जबाबदारी राज्याचीच आहे.