गोळी तीच, मात्रा निराळी

घरातले कुणी आजारी पडते. औषध घेऊन बरे होते. चार गोळ्या उरतात. त्या आपण डब्यात जपून ठेवतो. पुढे दुसऱ्या कुणाला झोप लागेना, की म्हणतो, "घे त्यातलीच एक. औषधाला बाई काय नि बाप्या काय!"

पण काही औषधांना हा फरक कळतो. कसा, ते पाहू.

झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी आहे. अमेरिकेत १९९२ साली तिला परवानगी मिळाली. मात्रा ठरली १० मिलिग्रॅम. पुरुषाला तेवढी, बाईलाही तेवढीच. पुढे तक्रारी येऊ लागल्या. रात्री गोळी घेतलेली माणसे सकाळी मोटार चालवायला बसत, पण अंगातली झापड गेलेली नसे.

मग औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याने चाचण्यांचे आकडे तपासले. सुमारे २५० बायका आणि सुमारे २५० पुरुष यांना ही गोळी दिलेली होती. आठ तासांनी त्यांच्या रक्तात किती औषध उरले, ते मोजले होते. मोटार चालवणे धोक्याचे व्हावे, इतके औषध शंभरातल्या १५ बायकांच्या रक्तात होते. पुरुषांत असे शंभरात तीनच निघाले. बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडते, म्हणून असे झाले.

आता हा हिशोब करा. बायका-पुरुष एकत्र मोजले तर शंभरात ९ जण येतात. हा आकडा ना बायकांचा खरा, ना पुरुषांचा. बायकांचा धोका त्यात झाकून जातो. वेगळे मोजले, तेव्हाच तो दिसला.

२०१३ साली खात्याने बायकांची मात्रा निम्मी केली. ती ५ मिलिग्रॅम झाली. मधे वीस वर्षे गेली होती.

ही एकाच गोळीची गोष्ट नाही. १९७७ साली त्याच खात्याने सांगितले होते, की मूल होण्याच्या वयातल्या बायकांना नव्या औषधाच्या पहिल्या चाचण्यांत घेऊ नये. पोटातल्या बाळाला अपाय होऊ नये, हा हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे बायकांच्या शरीराची माहिती कमी जमली. १९९३ साली ही अट काढली. प्रयोगशाळेतही बहुतेक प्रयोग नर उंदरांवरच होत. म्हणून २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सांगितले, की आमचा पैसा हवा तर प्रयोगात नर आणि मादी दोन्ही घ्या. एकच घेणार असाल, तर त्याचे सबळ कारण द्या.

याचा अर्थ प्रत्येक औषध बाईला निम्मे द्यावे, असा नाही. पुष्कळ औषधांची मात्रा दोघांना सारखीच असते. पण ते मोजून ठरवावे लागते, अंदाजाने नाही.

तेव्हा डब्यातली उरलेली गोळी आपल्या मनाने कुणाला देऊ नका. मोडून अर्धीही देऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा.