खड्डा खणण्याआधी

पहिला पाऊस पडला की राज्यभर खड्ड्यांची मोजणी सुरू होते. महाराष्ट्रात २०१७ साली ४ कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं, २०१८ साली १३ कोटी, २०१९ साली ३३ कोटी. हवामान बदलतंय, तर झाडं लावा, असं सरळ गणित. गणित खोटं नाही, फक्त हातचा धरायचा राहून जातो.

झाडं लावली की जंगल वाढलं, हा पहिला समज. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, पण त्यासाठी आधी लाकूड व्हावं लागतं. वीतभर रोपात हिशेबाला घेण्याजोगं काही नसतं. पहिले काही उन्हाळे, शेळ्या आणि वणवे यांतून जे तगेल तेच खरं. शिवाय आपल्या पानझडी जंगलात पुष्कळदा नवं काही लावायची गरजच नसते. सागाचं रोप आगीत वरून जळतं, पावसात मुळातून पुन्हा फुटतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळतं. तोवर खाली मूळ जाड होत राहतं. गुडघाभर दिसणारं रोप जमिनीखाली कित्येक वर्षांचं असू शकतं. तिथे काही वर्षं आग आणि गुरं आवरली की ते भराभर वर येतं. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द आपल्याला नवे नाहीत. त्यात फोटो काढण्याजोगं काही नसतं, ही त्यांची खरी अडचण!

वणव्याबद्दलही असंच. फांदीवर फांदी घासून जंगल पेटतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात आपल्याकडचे वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातचे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तेंदूला कोवळी पानं यावीत, गवत जोमानं फुटावं म्हणूनही काडी लावतात. कधी विडीचं थोटूकही पुरतं. ही आग शेंड्यांपर्यंत क्वचितच जाते, जमिनीलगत सरपटते. म्हणून पावसाळ्यात सगळं हिरवं दिसतं आणि काही बिघडलं नाही असं वाटतं. गेलेलं असतं ते रोपटं, बी आणि मातीला कस देणारा पाचोळा. उपाय साधे आहेत. आगीचा हंगाम सुरू होण्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढायच्या आणि मोहाखाली पाचोळा न जाळता झाडून घ्यायचा किंवा जाळी अंथरायची.

पण मला सर्वांत जास्त खुपतो तो ‘ओसाड माळ हिरवा करू’ हा उत्साह. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ पाहा. पाऊस बेताचा, माती उथळ. तिथलं गवत म्हणजे नष्ट झालेल्या जंगलाची उरलेली खूण नव्हे, ते त्या जमिनीचं मूळ रूप आहे. त्याचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, त्यामुळे वरचं गवत जळालं तरी तो बहुतांशी खाली सुरक्षित राहतो. सरकारी कागदावर मात्र अशा जमिनी सहज ‘पडीक’ ठरतात. मग खड्डे खणले जातात, मातीतला काही कार्बन तिथेच सुटतो, आणि वर ग्लिरिसिडिया उभा राहतो. तणमोराची आणि लांडग्याची जागा जाते, धनगरांचं कुरण जातं.

आकडेही जपून वाचावेत. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान १ हेक्टर जागेवर झाडांची सावली १० टक्के असली, की ते वनाच्छादन. मालकी कुणाची, झाड कुठलं, हे त्यात पाहत नाहीत. आमराई आणि नारळाची बागही त्यात मोडते.

राहिला कुऱ्हाडीचा प्रश्न. झाड तोडलं की त्यातला सगळा कार्बन लगेच हवेत जातो, असं नाही. सरपण केलं तर जातो. जुन्या वाड्याच्या सागवानी तुळईत शंभर वर्षांपूर्वीचा कार्बन अजून बसून आहे. अट एकच, तोडलेल्या जागी पुन्हा वाढू द्यायला हवं. बांबूचं तर तोडणीवाचून भागत नाही, कारण न तोडलेलं बेट दाटून गुदमरतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली. कोवळे राखून पिकलेले तोडायचे, एवढं पथ्य पाळलं की त्याच बेटात पुढच्या पावसाळ्यात नवे कोंब येतात.