मोठ्या आतड्यातील पॉलिप : आकार काय सांगतो?

मोठ्या आतड्याच्या अस्तरावरील मांसल वाढीस पॉलिप म्हणतात. दुर्बिणीने तपासताना डॉक्टर तिचा आकार नोंदवितात. ही वर्गवारी २००२ साली पॅरिस येथील तज्ज्ञांच्या बैठकीत ठरली.

देठाचा पॉलिप अळंबीसारखा असतो व तारेच्या फासाने बहुधा सहज काढता येतो. बिनदेठाचा पॉलिप रुंद बुडाने चिकटलेला असतो. सपाट पॉलिप नजरेतून निसटू शकतो, तर खोलगट पॉलिप लहान असला तरी त्यात कर्करोगाची शक्यता अधिक असते. म्हणून तपासणीपूर्वी दिलेले जुलाबाचे औषध आपण पूर्ण घ्यावे. मळ उरल्यास असे पॉलिप झाकले जातात.

अंतिम निदान सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीनेच होते. तो अहवाल अवश्य घ्यावा.

शौचावाटे रक्त गेल्यास मूळव्याध समजून थांबू नये. चेन्नईतील रहिवाशांनी राजीव गांधी शासकीय सामान्य रुग्णालयात दाखवावे.