ऐब सांगून विकलेली गाडी

"भाई, गाडीला काही झालेलं नाही ना?"

जुनी गाडी बघायला आलेला माणूस बहुतेक वेळा किमतीच्या आधी हाच प्रश्न विचारतो. "नाही" म्हणायला एक सेकंद पुरतो. मोठ्या शहरात असे "नाही" म्हणून माणूस गर्दीत दिसेनासा होऊ शकतो. फलटणमध्ये ती सोय नाही. इथे विकलेली गाडी दुसऱ्या दिवशी नाना पाटील चौकात समोरून येते, आठवड्याने गिरवी नाक्यावर बॉनेट उघडून उभी असते, आणि तिचा मालक महिन्याभरात कुठल्यातरी लग्नात शेजारच्याच पंगतीत बसलेला असतो.

या धंद्यात उतरायला पदवी लागत नाही आणि सुरुवातीला भांडवलही फारसे लागत नाही. गॅरेजमध्ये हात काळे केलेला मेकॅनिक, ट्रॅव्हल्सवर दहा वर्षे काढलेला ड्रायव्हर, आरटीओ एजंटाकडे फॉर्म भरणारा मुलगा, अशीच मंडळी यात येतात. पहिली दोन-तीन वर्षे गाडी त्यांची नसतेच. विकणारा एक, घेणारा दुसरा आणि मधल्याची दलाली. खिशात फोन आणि ओळखी, एवढीच गुंतवणूक. खरी परीक्षा पुढे असते, स्वतःचे पैसे घालून पहिली गाडी घेतो त्या दिवशी. दलालीत चूक झाली तर एक सौदा हुकतो. स्वतःच्या गाडीत चूक झाली तर दोन-अडीच लाख रुपये अंगणात उभे राहून ऊन खातात.

फलटणचा गिऱ्हाईक कोण? उसाचे बिल हातात आलेला शेतकरी, कमिन्सच्या कारखान्यात कामाला जाणारा तरुण, मुलीला कॉलेजला सोडण्यासाठी पहिलीच चारचाकी घेणारा शिक्षक. दसरा, दिवाळी पाडवा, गुढी पाडवा हे हंगामाचे दिवस. पितृपक्षात पंधरा दिवस कोणी फिरकत नाही, आणि मुसलमान डीलरही ते गृहीत धरूनच पैशांची जुळणी करतो. डिलिव्हरीच्या वेळी चाकाखाली लिंबू ठेवायला आणि नारळ फोडायला जागा लागते, हेही त्याला कोणी शिकवावे लागत नाही. रमजानमध्ये दुपारी हालचाल मंद असते. मात्र तरावीहनंतर रात्री साडेदहाला मोबाईलच्या उजेडात गाडी बघणारे येतात, आणि त्या उजेडात रंगातला फरक दिसत नाही. चांगला विक्रेता त्यांना म्हणतो, उद्या उन्हात या.

माल येतो पुण्याहून, बारामतीहून, अकलूजहून. एमएच १२ पासिंगची गाडी शहरात ट्रॅफिकमध्ये क्लच झिजवून आलेली असते, पण डांबरावरच फिरलेली असते. नफा विक्रीत नसतो, खरेदीत असतो, असे या धंद्यातले जुने लोक सांगतात, आणि ते खरे आहे. घेताना पारख चुकली की विकताना कितीही गोड बोला, भरून निघत नाही. म्हणून नवशिक्याने आधी डोळा तयार करावा. बॉनेटच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का? दरवाजाच्या खांबावर वेल्डिंग पुन्हा झाले आहे का? काचांवरचे वर्ष एकसारखे आहे का? मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत, असे असेल तर दोघांपैकी एक जण खोटे बोलतो आहे, आणि रबराला खोटे बोलता येत नाही. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इंजिन नेहमी थंड असताना सुरू करून पाहावे. आधीच गरम करून ठेवलेली गाडी काहीतरी लपवत असते.

पाणी लागलेली गाडी हा सगळ्यांत अवघड ऐब. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशी गाडी धुऊन, सीट कव्हर बदलून, अत्तर मारून बाजारात आली की वरून कळत नाही. फलटण दुष्काळी पट्ट्यात असले तरी गाडीला चाके असतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघावा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटखालच्या पट्टीच्या खाचा, डॅशबोर्डच्या आतले स्क्रू, स्टेपनीचा खड्डा इथे गंज आणि माती बोलते. अशी गाडी आज चालते, पण दोन पावसाळ्यांनी वायरिंग एकेक करून साथ सोडते, आणि घाटात रात्री दिवे गेले तर प्रश्न पैशांचा राहत नाही.

ऐब हा शब्द मराठीतही रुळलेला आहे. इस्लामी व्यापारशास्त्रात त्यावर स्वतंत्र प्रकरणेच आहेत. विकणाऱ्याने मालातला दोष लपवला तर घेणाऱ्याला सौदा परत फिरवण्याचा अधिकार राहतो, त्याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात. यामागचा प्रसंग हदीसमध्ये आहे. पैगंबर बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालतात, आत ओल लागते. विक्रेता म्हणतो, पावसाने भिजले. त्यावर त्याला विचारले जाते, मग ओले धान्य वर का नाही ठेवलेस, लोकांना दिसले असते. इमाम अबू हनीफा स्वतः कापडाचे व्यापारी होते. दोष असलेले कापड भागीदाराने न सांगता विकले तेव्हा त्यांनी त्या मालाची सगळी रक्कम दान केली, असे सांगितले जाते. गाडीच्या धंद्यात याचा सरळ अर्थ निघतो. ठोकलेली गाडी विकायला बंदी नाही, पण ठोकलेली म्हणून, त्या भावात विकायची. डावा दरवाजा बदलला आहे, एसीचा कॉम्प्रेसर आवाज करतो, दुसरी चावी नाही, हे कागदावर लिहून गिऱ्हाईकाची सही घेतली तर उद्याची भांडणेही टळतात. पाच-दहा हजार कमी येतात, हे मात्र खरे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

मशीनमधला दोष हाताला लागतो. कागदातला लागत नाही, आणि नवा माणूस बुडतो तो तिथेच. जुनी पद्धत अशी: विकणाऱ्याकडून टीटी फॉर्मवर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घ्यायच्या, गाडी पुढे विकायची, नाव चढवायचे ते शेवटच्या गिऱ्हाईकाने. मधल्या दोन-तीन हातांची नोंदच नाही. यात काय होऊ शकते ते नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात दिसले. विजयकुमार यांनी २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे आणखी काही हातांत गेली, पण आरसी बुकावर नाव विजयकुमार यांचेच राहिले. मे २००९ मध्ये मागे येताना त्या गाडीने दोघांना धडक दिली, एकाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? उच्च न्यायालयाने विजयकुमार यांना मोकळे केले. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी तो निकाल फिरवला: मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो, आणि मेलेल्याच्या घरच्यांनी गाडी कोणाकोणाच्या हातून गेली हे शोधत फिरायचे नाही. गाडी विकून दोन वर्षे झालेल्या माणसाच्या दारात भरपाईचा आदेश आला.

ही फट बुजवण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरला आता नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, त्याची मुदत पाच वर्षे. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की नमुना २९ सी मध्ये तशी सूचना जाते, आणि तेव्हापासून पुढे नाव चढेपर्यंत डीलरच मालक मानला जातो. नूतनीकरण, फिटनेस, डुप्लिकेट आरसी, एनओसी, सगळे तोच करू शकतो. गाडी मात्र रस्त्यावर काढायची ती चाचणी, दाखवणे, दुरुस्ती किंवा तपासणीपुरतीच, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. मेव्हण्याच्या लग्नाला न्यायची नाही. विकायला म्हणून कोणी गाडी आपल्या अंगणात ठेवली तर ती अमानत आहे, हे उर्दूत सांगत आलेलेच कायद्याने फॉर्ममध्ये आणले.

बाकीच्या बाबी थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. थकलेली चलाने आधी बघावीत. विम्याची नोंद नव्या मालकाने चौदा दिवसांत बदलायची असते, आणि नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, पण एनओसी आणि महाराष्ट्राचा कर भरल्यावर किती स्वस्त उरतात ते कागदावर मांडून बघावे.

करही बदलला. २५ जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत डीलरला सगळ्याच जुन्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी लहान गाड्यांना १२ टक्के होता. तो पूर्ण किमतीवर नसून नफ्यावर असतो. २ लाख २० हजारांना घेतलेली गाडी २ लाख ५० हजारांना गेली तर कर ३० हजारांवर, म्हणजे ५,४०० रुपये. तोट्यात गेली तर शून्य. मग २२ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली येतो. ज्यांच्या अंगणात जुन्या भावाने घेतलेला माल उभा होता, त्यांची काहीच चूक नव्हती आणि तरी पैसे गेले.

अशा वेळी व्याजाने घेतलेले भांडवल गळ्याशी येते, कारण गाडी विको न विको, हप्ता थांबत नाही. व्याज टाळणारे मुदारबतचा मार्ग धरतात. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, नफ्यातला हिस्सा आधी ठरलेला. हलगर्जी नसताना तोटा झाला तर पैसेवाल्याचा पैसा जातो आणि मेहनतवाल्याची मेहनत. मराठी बाजारात याला 'पत्ती' म्हणतात आणि फलटणच्या पेठेत तीही नवी गोष्ट नाही. दरमहा ठरावीक रक्कम मागितली की मात्र ती पत्ती राहत नाही, नाव काहीही द्या.

रमजानमध्ये बरेच जण जकातीचा हिशोब करतात. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता वर्षभर असेल तर अडीच टक्के. घरच्या वापराची गाडी, जॅक, पाने यांवर जकात नाही. विकायला उभ्या असलेल्या गाड्या हा माल-ए-तिजारत, त्यांच्यावर आहे, आणि ती खरेदीच्या भावाने नाही, आज बाजारात काय येईल त्या भावाने. तीन गाड्यांचे आज सात लाख येत असतील आणि दोन लाख देणे असेल तर पाच लाखांवर साडेबारा हजार. पाच महिने न विकली गेलेली गाडीही यात धरायची. दुसऱ्याची अमानत म्हणून उभी असलेली धरायची नाही.

म्हणून इफ्तारच्या आधीच्या तासात डीलर वही घेऊन अंगणात फिरतो आणि प्रत्येक काचेवर बोट ठेवून स्वतःलाच भाव विचारतो. हाच भाव तो गिऱ्हाईकाला चढवून सांगत आलेला असतो. आता जकातीसाठी तो कमी धरायचा मोह होतो. कोपऱ्यातल्या गाडीपाशी तो थांबतो, दरवाजा उघडतो, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पुन्हा एकदा बघतो, आणि वहीत आकडा लिहितो.