निंबावरची गुळवेल

जालना जिल्ह्यांत शेताच्या बांधावर आणि गांवाच्या वेशीपाशीं कडुनिंबाचीं झाडें पुष्कळ. अशा एखाद्या जुन्या निंबावरून सुतळीसारख्या लांब मुळ्या जमिनीकडे लोंबत असल्या, तर त्या बहुधा गुळवेलीच्या असतात. ही वेल बुंध्यापाशीं तोडली तरी सहसा मरत नाहीं. वरचा भाग अधांतरीं राहून नवी मुळी खालीं सोडतो, आणि ती मातीस टेकली कीं तिचा संसार पुन्हां सुरू होतो. म्हणूनच संस्कृतांत तिला छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी वाढणारी, असें नांव पडलें. अमृता हें तिचें दुसरें नांव. रावणवधानंतर इंद्रानें रणांत पडलेल्या वानरांवर अमृत शिंपडलें, व त्यांच्या अंगावरून जेथें थेंब ओघळले तेथें ही वेल उगवली, अशी कथा भावप्रकाशांत आहे. बेताच्या पावसाच्या या मुलुखांत उन्हाळ्यांत उघडी पडलेली ही वेल पहिल्या सरीबरोबर पालवते, हें ध्यानांत घेतां नांव ठेवणाऱ्याचें फारसें चुकलें असें म्हणवत नाहीं.

हें कुळ केवळ भारतांतलें नाहीं. गुळवेलीची सख्खी बहीण म्हणावी अशी एक जाति दक्षिण चीनमध्येंहि होते. तिच्या खोडास तेथील वैद्य ‘ख्वान-चिन-थंग’, म्हणजे आखडलेले स्नायुबंध सैल करणारी वेल, असें म्हणतात आणि सांधे धरले असतां तिचा काढा देतात. आयुर्वेदानेंहि वातरक्तावर, म्हणजे सांधे सुजून ठणकणाऱ्या विकारावर, गुळवेल प्रमुख मानिली आहे. परंतु यावरून दोन्ही वेली एकच समजूं नयेत. चिनी जातीच्या पानाची खालची बाजू लवदार असते. गुळवेलीचें पान गुळगुळीत. तिसरी एक बहीण मुख्यतः आग्नेय आशियांत होते. तिच्या खोडावर चामखिळीसारखे ठळक उंचवटे असतात. गुळवेलीच्या खोडावरील साल कागदासारखी पातळ असून नखानें सोलली कीं आंत हिरवा रंग दिसतो, आणि खोड आडवें कापलें तर गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी आढळते. सुकवून कुटलेल्या चूर्णांत मात्र यांपैकीं एकहि खूण उरत नाहीं.

गुळवेलीच्या अंगीं खरोखर गुण आहे काय, याची आधुनिक परीक्षा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रोग्यांवरील त्यांचा अभ्यास १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. अशा रोग्यांच्या शरीरांतील जंतुभक्षक पेशी मंदावतात, आणि मग जंतु रक्तांत पसरून रोगी दगावण्याचा धोका वाढतो. ज्यांना नेहमींच्या उपचारासोबत गुळवेल दिली, त्यांच्या या पेशी पुन्हां कामास लागल्या व त्यांच्यापैकीं अधिक रोगी वांचले. अभ्यास लहान होता, तरी वेल नेमकें काय करते हें त्यानें दाखविलें : ती शरीराच्या संरक्षकांस चेतविते.

हीच गोष्ट पुढें उलटली. २०२० च्या साथींत केंद्र सरकारच्या आयुर्वेदीय उपचारसूचींत गुळवेलीच्या घनवटीचा समावेश झाला. तेथें मात्रा व मुदत दोन्ही सांगितलेलीं होतीं. परंतु घरोघरीं उकळणाऱ्या काढ्यांस कसली मुदत? त्याच वर्षीं सप्टेंबर ते डिसेंबर या काळांत मुंबईत गुळवेल घेणारे सहा रोगी यकृताच्या विकारानें डॉक्टरांकडे आले. त्यांची हकीकत २०२१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि पुढील वर्षीं निरनिराळ्या रुग्णालयांतील अशा ४३ रोग्यांची नोंद पुढें आली. कित्येकांत शरीराचे संरक्षकच स्वतःच्या यकृतावर उलटल्याचीं चिन्हें होतीं. आयुष मंत्रालयानें या निष्कर्षास हरकत घेतली : रोग्यांनीं घेतलेली वनस्पति नीट ओळखलेली नव्हती, ती उंचवट्यांची जाति असूं शकेल, असें त्याचें म्हणणें. ही शंका गैरवाजवी नव्हे. तथापि जी वस्तु संरक्षकांस चेतविते, ती आधींच बिथरलेल्या संरक्षकांस अधिक बिथरवील, हें अनुमानहि सहज झटकून टाकण्याजोगें नाहीं. चीनमध्यें ‘हो-शौ-वू’ या वेलीच्या मुळांनीं यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणें आहेत, व तीं मुळें तर तेथें केस काळे राहावेत म्हणून मोठ्या विश्वासानें खाल्लीं जातात!

आयुर्वेदीय औषधिसंहितेंत गुळवेलीच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम, आणि काढ्यासाठीं खोड २० ते ३० ग्रॅम, अशी दिली आहे. ज्यांस यकृताचा जुना विकार आहे, किंवा शरीराचे संरक्षक स्वतःवरच उलटल्यामुळें होणारा थायरॉइडचा अथवा सांध्यांचा विकार आहे, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून ती घेऊं नये. घेत असतां भूक मेली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसूं लागले, तर काढा त्याच दिवशीं बंद करावा व रक्ताची तपासणी करवावी. डॉक्टरांपासून काढ्याची गोष्ट लपवूं नये. चूर्णापेक्षां ओळखीची ओली वेल बरी. पावसाळ्याच्या आरंभीं जाड खोडाचा वीतभर तुकडा कुंडींत खोंचला तरी ती धरते. अंगणांत निंब असेल तर तिला त्यावरच चढवावी. वैद्य निंबावरची गुळवेल श्रेष्ठ मानितात.