बाधा नव्हे, अमोनिया

कावीळ झालेला माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, रात्रभर जागून दिवसा घोरू लागला, घरच्यांच्याच अंगावर धावून गेला, की परभणी जिल्ह्यातल्या येलदरीतच काय, अख्ख्या मराठवाड्यात पहिला संशय बाहेरच्या बाधेवर जातो. दुसरा उन्हावर. यकृत कुणाला आठवत नाही. बिघडलंय डोकं, मग पोटाकडे कोण बघणार? पण यकृत अचानक निकामी झालं की मेंदूची रसायनं काही दिवसांत, कधी काही तासांतच बदलतात.

पिवळेपणा डोक्यात चढतो, हाही गैरसमजच. डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन मोठ्या माणसाच्या मेंदूला सहसा इजा करत नाही. तो धोका नवजात बाळांना. इथला मुख्य गुन्हेगार अमोनिया, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. खाल्लेली डाळ, दूध, मटण पचताना आतड्यात तो रोज तयार होतो. यकृत त्याचा युरिया करतं आणि युरिया लघवीवाटे जातो. यकृतच बंद पडलं की अमोनिया रक्तातून मेंदूत शिरतो. तिथे त्याचा बंदोबस्त अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशींना करावा लागतो. त्या ग्लुटामेटला अमोनिया जोडून ग्लुटामिन बनवतात. घोटाळा इथेच होतो. पावसाळ्यात मीठ ओल धरतं, तसं साठलेलं ग्लुटामिन पेशीत पाणी ओढून घेतं. पेशी फुगतात, मेंदू सुजतो, आणि कवटीत फुगायला जागा नसते. मेंदूला चेतवणारं ग्लुटामेट आणि शांत करणारं गाबा यांचा तोलही जातो. त्यात रक्तातली साखर घसरते. जुन्या सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत हळूहळू खराब होतं तेव्हा, मेंदूला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. इथे तो नसतो, म्हणून जीवघेणी सूज जास्त करून अशाच रुग्णांना येते.

आता कावीळ उतरवणाऱ्यांविषयी. चुन्याच्या निवळीत रुग्णाचे हात धुतले की पाणी पिवळं होतं आणि ‘उतरली’ म्हणून सगळे हात जोडतात. हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असेल, तर ठणठणीत माणसाचं पाणीही तितकंच पिवळं होतं. तरी ‘गुण आला’ म्हणणारे खोटं बोलत नसतात. विषाणूची बहुतेक कावीळ काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय हात धुण्याला किंवा कावीळ उतरवायला घातलेल्या माळेला जातं. ज्या थोड्यांची बरी होत नाही, त्यांचे मोलाचे तास मात्र त्या माळेपायी जातात.

‘झोपलाय, पडू द्या’ हे वाक्य तर मला बाधेपेक्षा घातक वाटतं. ही विश्रांती नव्हे, बेशुद्धीची पहिली पायरी असू शकते. रुग्णाला हात पुढे करून पंजे मागे वाकवून धरायला सांगा; पंजे फडफडले, तारीख-वार चुकला, तर थांबू नका. आरडाओरडा करतो म्हणून घरच्या घरी झोपेची गोळी तर मुळीच देऊ नका.

दारू न पिणाऱ्याला हे होत नाही, असंही नाही. दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ई आपल्याकडचं मोठं कारण आहे. 2012 साली इचलकरंजीत त्याचीच साथ आली होती. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत या आजाराने 100 पैकी 20 ते 25 बायका दगावू शकतात. क्षयाची औषधं, पॅरासिटामॉलचा अतिरेक, काही झाडपाल्याची औषधं यांनीही यकृत कोसळतं. पिवळ्या फॉस्फरसची उंदीर मारायची पेस्ट तर फसवी: पोटात गेल्यावर एक-दोन दिवस माणूस बरा दिसतो, मग यकृत जातं. अशी पेस्ट खाल्लेलं मूल ‘बरं दिसतंय’ म्हणून घरी ठेवू नका.

हळद-तेल बंद करून आणि उसाचा रस पाजून अमोनिया उतरत नाही. त्यासाठी अतिदक्षता विभाग लागतो, आणि काहींना यकृत प्रत्यारोपणच.

तेव्हा कावीळ झालेल्याचं वागणं बदललं, तर त्याच दिवशी 108 ला फोन करा. येलदरीहून जिंतूर, जिंतूरहून परभणी, तिथून पुढे, असे टप्पे घेत बसण्यात रात्र जाते. ‘कावीळ आहे आणि भ्रम झालाय’ हे पहिल्याच डॉक्टरांना सांगा आणि प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयाशी लगेच बोलायला लावा.